डिमांड रजिस्टरमधली पेन्सिल

ज्या खात्यात माझी पस्तीस वर्षं गेली त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याचं पाकीट दारात आलं की माणसं ते आधी देवासमोर ठेवतात आणि मग फोडतात, एवढ्यावरून ओळखा. लग्नकार्यात कुणी विचारलंच तर मी 'केंद्र सरकारात आहे' एवढंच सांगायची. त्याच्या पुढचं सांगितलं की निम्मे लोक एकदम गोड बोलायला लागत आणि निम्मे गप्प होत. माझ्या जावेच्या भावाने तर मी जेवायला येणार म्हणून नवा टीव्ही चादरीने झाकून ठेवला होता. मी कारकून होते हो! कुणाच्या घरावर धाड घालणं माझ्या हातात नव्हतं आणि कुणाला सोडवणंही नव्हतं. माझ्या हातात फक्त रजिस्टर होतं.

या अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "शेळके मॅडम, खात्यातले काही खमंग किस्से लिहा." मी म्हटलं, खमंग एक आहे. दुसरा जो आहे तो कडू आहे, छापायचा तर दोन्ही छापा. ते बरं म्हणाले.

खमंग आधी सांगते. शहरातल्या एका मिठाईवाल्याची तपासणी होती. दुकानाच्या वर त्याचं घर होतं, घरात बायका असतील तर सोबत बाई कर्मचारी लागते, म्हणून मला गाडीत घातलं. साहेब आणि दोन इन्स्पेक्टर सकाळपासून वह्या चाळत होते. वह्या अशा चोख की त्यांच्याकडे पाहून वाटावं, या शहराने गोड खाणं सोडलंच आहे. मला काही काम नव्हतं. मी माळ्यावर रचलेली पुठ्ठ्याची खोकी बघत बसले होते. मी सहज विचारलं, "शेठ, खोकी कुठून घेता?" शेठ खोकला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे. तासाभरात आम्ही खोकीवाल्याकडे होतो. त्याच्या बिलबुकातली खोकी मोजली तर दुकानाने दाखवलेल्या विक्रीच्या कितीतरी पट मिठाई विकली गेली होती. त्या दिवशी साहेबांनी मला त्याच दुकानातला पेढा स्वतःच्या पैशाने घेऊन दिला. त्या पेढ्याची चव अजून आहे तोंडात, खोटं कशाला सांगू.

पुढे काय झालं तेही ऐका. शेठ अपिलात गेला. मोठा वकील होता. जादाची खोकी पावसात भिजली आणि राहिलेली उंदरांनी खाल्ली, हे म्हणणं तिथे मान्य झालं. कर जवळपास सगळा माफ. साहेबांची बदली झाली, आणि माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी शेरा आला, 'अक्षर चांगलं आहे.'

आता कडू.

त्याआधी आमच्या रजिस्टरचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटर यायच्या आधी प्रत्येक वॉर्डात एक डिमांड रजिस्टर असायचं. बाजारातल्या वजनकाट्याच्या फळीएवढं मोठं, उचलायला दोन माणसं लागायची. डाव्या बाजूला कुणाकडून किती येणं आहे ते, उजव्या बाजूला त्याने किती भरलं ते. माणूस बँकेत पैसे भरायचा. चलनाचा एक तुकडा बँक शिक्का मारून त्याच्या हातात द्यायची आणि एक तुकडा फिरत फिरत आमच्याकडे यायचा. यायचा म्हणजे महिन्यांनी. कधी दुसऱ्याच शहराच्या गठ्ठ्यात जायचा, कधी यायचाच नाही. तो आल्याशिवाय उजव्या बाजूला शाईने लिहायचं नाही, असा नियम होता.

पण माणूस आपला तुकडा घेऊन खिडकीशी यायचा आणि म्हणायचा, मी भरले, लिहून घ्या. मग आम्ही काय करायचो, तर पेन्सिलने लिहून घ्यायचो. तारीख, रक्कम, बँक. ही पेन्सिल कुठल्याच नियमात नव्हती. आधीच्या कारकुनाने पुढच्याला शिकवलेली रीत. पेन्सिल दिसली की त्या माणसाला पुन्हा नोटीस काढायची नाही, एवढं त्यातून आपल्याआपल्यात कळायचं.

आणि दुसरी एक रीत होती. आमच्याच ऑफिसच्या तपासणीला वरून पथक येणार असं कळलं की या पेन्सिली खोडायच्या. कारण पथकवाले पहिला प्रश्न करत, "नोंद आहे तर चलन कुठे आहे?" चलन नसलं की शेरा, शेऱ्याचं उत्तर, उत्तरावर पुन्हा शेरा. उजवी बाजू कोरी असली की कुणी काही विचारत नाही. माणसाने भरलं नाही, त्यात कारकुनाचा काय दोष! म्हणून आधी सगळ्या पेन्सिली एका कच्च्या वहीत उतरवायच्या, मग खोडरबर घेऊन बसायचं, आणि पथक गेलं की वहीवरून पुन्हा लिहायच्या. हे आम्ही वर्षानुवर्षं केलं. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, हे आधीच कबूल करते.

हमीदभाई पहिल्यांदा आले तेव्हा मी पस्तिशीत असेन. मुकुंदवाडीला त्यांची तीन लेथची शेड होती. वाळूजच्या कारखान्यांना लागणाऱ्या पिना आणि बुश ते करून द्यायचे. हात धुऊन आले असले तरी नखांत काळं राहिलेलं असायचं, म्हणून कागद देताना ते दोन बोटांच्या टोकांत धरायचे. वॉर्डातल्या साहेबांनी त्यांचा काही खर्च नाकारून कर काढला होता. रक्कम आज सांगितली तर हसाल. त्यांनी वाद घातला नाही, अपील केलं नाही, बँकेत जाऊन भरून टाकली.

मी पेन्सिलने लिहायला लागले तसे ते खिडकीतून वाकले.

"मॅडम, पेन्सिल कायको?"

"बँकेकडून चलन आलं की शाईने होईल. तोवर असंच असतं."

"पर लिखा हुआ है ना? म्हणजे मी बाकीदार नाय ना आता?"

"नाही हो. निर्धास्त जा."

ते गेले नाहीत. मी पूर्ण ओळ लिहीपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या अब्बांची सवय आहे ही. निजाम गेला त्या पोलीस ॲक्शननंतर लोक दारात येऊन विचारायचे, तुम किधर के, यहां कब से. अब्बांनी घरपट्टीच्या पावत्या काढून दाखवल्या, सगळ्या सालाच्या. तेव्हापासून आमच्या घरात सरकारचा एक पैसा ठेवायचा नाय आन् एक कागद फेकायचा नाय." हे सांगताना ते हसत होते, मीही हसले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी तपासणी आली. मी कच्च्या वहीत सगळं उतरवलं, रबर घेतलं आणि दोन दिवस बसून रजिस्टर साफ केलं. पथक आलं, चहा-पोहे झाले, रजिस्टर स्वच्छ असल्याबद्दल तोंडी कौतुक झालं. ते गेले त्याच आठवड्यात माझी पगारबिलाच्या टेबलावर बदली झाली. नवीन टेबल, मार्चची धांदल, घरी धाकटीला गोवर. कच्ची वही जुन्या टेबलाच्या खणात राहिली. पेन्सिली पुन्हा लिहायच्या राहिल्या. मी पुढच्या कारकुनाला सांगितलं का? आठवत नाही. नसावंच सांगितलं. आणि ऑफिस नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुनी टेबलं खणांसकट लिलावात गेली.

बरीच वर्षं त्याने काही बिघडलं नाही. रजिस्टर कपाटात पडलं होतं आणि हमीदभाई शेडमध्ये. मग वरून हुकूम आला, देशभरातली सगळी जुनी थकबाकी कॉम्प्युटरवर चढवा, अमुक तारखेच्या आत. चढवण्याआधी एकेका माणसाला बोलावून विचारा, असं त्यात होतं की नव्हतं यावर नंतर पुष्कळ वाद झाले. आम्ही विचारलं नाही. मी तोवर बढती मिळून देखरेखीवर आले होते. मुलं-मुली रजिस्टरं उघडून टाईप करत होती. डावीकडचा आकडा टाकायचा, उजवी बाजू कोरी असेल तर थकबाकी. उजवी बाजू कोरीच होती. मीच कोरी केली होती. मी त्या पोरांच्या पाठीमागे उभी राहून "हात चालवा, हात चालवा" म्हणत होते.

हमीदभाईंसारख्यांचं असं असतं, की कारखाना त्यांचं बिल देतानाच कर कापून घेतो. नफा थोडा, कापलेला कर जास्त, म्हणून दरवर्षी त्यांना परतावा मिळायचा असतो. तो परतावा म्हणजे त्यांचं पुढच्या मालाचं लोखंड. त्या वर्षी परतावा आला नाही. पुढच्याही वर्षी नाही. कॉम्प्युटरने तो जुन्या थकबाकीत वळता करून घेतला, आणि तरी थकबाकी राहिलीच, कारण मधल्या सगळ्या महिन्यांचं व्याज तिच्यावर चढलं होतं. आमच्या अहवालात हे 'जुन्या थकबाकीची उल्लेखनीय वसुली' या सदरात गेलं. त्या सदराखाली सही माझी आहे.

ते आले तेव्हा त्यांच्या दाढीत पांढरं आलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत चलनाचा तुकडा होता, कार्बनचा रंग उडालेला. त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा एवढा सैल पडला की मला ते आजही बघवत नाही.

"मॅडम, तुम्ही हायेत इथं! मग झालं काम. तुम्हीच लिहून घेतलं होतं हे."

काय अडलंय ते त्यांनी सांगितलं. वाळूजच्या कंपनीने कळवलं होतं, जुन्या लेथवरचा माल आता चालणार नाही, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्या, दिवाळीपर्यंत मुदत. त्यानंतर ऑर्डर दुसऱ्याला. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण मॅनेजरने कागदांत सरकारी थकबाकी पाहिली आणि म्हणाला, आधी ही मिटल्याचं पत्र आणा. बस, एक पत्र.

"भरून टाकायला पैसे असते तर भरले असते, मॅडम. पर दोनदा कायको भरू? मी बाकीदार नाय."

मी त्यांना साहेबांकडे नेलं. साहेब तरुण, हुशार, वाईट माणूस मुळीच नव्हते. त्यांनी चलन हातात घेतलं. त्या काळच्या चलनावर आजचा नंबर नसायचा, म्हणून कॉम्प्युटर ते ओळखेना. बँकेकडून खात्री करावी तर ती शाखाच दुसऱ्या बँकेत विलीन होऊन गेलेली, जुने कागद कुणाकडे आहेत ते कुणालाच माहीत नाही. साहेब म्हणाले, "रजिस्टर काढा. त्यात काही नोंद असेल तर माझ्या अधिकारात मी देतो पत्र."

रजिस्टर आलं. मी पान उघडलं. उजवी बाजू कोरी होती, पण खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं तर पेन्सिलीचे चर दिसत होते. रबराने शिसं जातं, दाब जात नाही. माझ्याच हाताची वळणं होती. साहेबांनीही पाहिली. बोट फिरवून म्हणाले, "काहीतरी लिहून खोडलेलं दिसतंय. म्हणजे चुकीची नोंद झाली असणार, म्हणूनच कुणीतरी खोडली. असं असताना मी सही कशी करू? उद्या माझ्यावर येईल. मॅडम, तुम्हाला काही आठवतं?"

हमीदभाई माझ्याकडे बघत होते. नखांतलं काळं तसंच होतं.

मी तेव्हा जे करायला हवं होतं ते फार अवघड नव्हतं. 'ही नोंद मी केली, चलन मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तपासणीआधी मीच खोडली,' अशी तीन ओळींची टिप्पणी. साहेबांना तेवढा आधार पुरला असता. पण सरकारी रजिस्टरमधली नोंद खोडली असं लिहून देणं म्हणजे चौकशी, आणि चौकशी चालू असली की पेन्शन अडकते. मला दोन वर्षं उरली होती. नवऱ्याची कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तो घरीच असायचा. घर माझ्यावर होतं. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात हिशेबासारखं मांडलं गेलं, आणि मी म्हणाले,

"फार जुनं आहे, सर. नक्की नाही आठवत."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. हमीदभाईंनी चलन पुन्हा पिशवीत घातलं, पिशवीची नीट घडी केली. बाहेर पडताना मलाच म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, इतक्या वर्षांचं कुणाला आठवतं."

त्यांनी नंतर अर्ज केले. आमचं उत्तर ठराविक असायचं, 'आपल्या अर्जावर कार्यवाही चालू आहे.' त्यातली दोन उत्तरं मी स्वतः पाठवली. त्याच वर्षी शहरातल्या एका बिल्डरची थकबाकी, जिच्यात मुकुंदवाडीतल्या अशा शंभर शेड बसल्या असत्या, स्थगिती मिळून आरामात कपाटात पडली होती. त्याचा सीए आला की त्याला खुर्ची मिळायची. लोक म्हणतात खात्यात पैसे खातात. खाणारे असतील, मी काही गंगेत धुतलेली सर्टिफिकेटं वाटायला बसलेले नाही. पण मला विचाराल तर खात्याने माणसं मारली ती अशी, पैसा न खाता, स्वच्छ हातांनी, नियम समोर ठेवून.

दिवाळी आली आणि गेली. कर्ज झालं नाही, ऑर्डर गेली. काही महिन्यांनी थकबाकीच्या यादीतून हमीदभाईंचं नाव उतरलेलं दिसलं. मी उघडून पाहिलं. व्याजासकट सगळी रक्कम भरलेली होती. तीनपैकी दोन लेथ विकून भरली, हे मला नंतर कळलं. मशीन घ्यायला उशीर झाला होता, पण नाव बाकीदारांत ठेवायचं नव्हतं.

मी निवृत्त झाले. हार, नारळ, शालीचा फोटो. साहेब भाषणात म्हणाले, शेळके मॅडमच्या टेबलावर एकही शेरा कधी आला नाही. टाळ्या झाल्या.

पेन्शन सुरू झाल्यावर पाच-सहा महिने मी ते मनात घोळवलं. झोप लागायची, उगाच खोटं कशाला सांगू, पण दुपारी भाजी निवडताना मध्येच हात थांबायचा. शेवटी एक दिवस बसून सगळं लिहून काढलं. चलन मी पाहिलं होतं, नोंद मी केली होती, खोडली मी होती, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं. खाली सही केली. नोटरीकडे जाऊन शिक्का घेतला. या कागदावर दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत मागता येतील का, अशी एका वकिलाकडे चौकशीही केली होती; येतील म्हणाला.

मुकुंदवाडीला गेले तर शेड कुणी भाड्याने घेऊन तिथे फरशीचं दुकान टाकलं होतं. मागेच त्यांचं घर. सुट्टीचा वार होता म्हणून ते भेटले. ते आता बजाजनगरला दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला जातात, त्यांच्याकडे पूर्वी शिकलेल्या एका माणसाच्या. मला पाहून लगबगीने उठले. खुर्ची पुसून दिली, आत चहा सांगितला. मी कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबले, ती पुन्हा वाचली.

"साहेबांच्या समोर पान उघडलं होतं, त्या दिवशी याद होतं तुम्हाला?"

"होतं."

त्यांनी चष्मा काढला. "मी घरी सांगितलं होतं, मॅडम बिचाऱ्या विसरल्या. हजारो कागद असतात त्यांच्याकडं, त्यांना काय बोलायचं. माझा पोरगा लई बोलायचा तुमच्याबद्दल. मी त्याला डाफरायचो, त्या बाई तशा नाय म्हणून."

मी म्हणाले, "हे घेऊन वकिलाकडे जा, हमीदभाई. पैसे परत मिळतील. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"तुमचं काय होतंय आता?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "पेन्शन चालू झाली ना?"

"झाली."

"तेच. तेव्हा लिहिलं असतं तर कागद होता. आता हे कायका कागद है? आता तुम्हाला भ्या नाय, म्हणून लिहिलं." त्यांनी कागदाची घडी घातली, मूळ घडी होती तिच्यावरूनच, आणि माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा. ज्याला दाखवायचा त्याला दाखवा. माझ्या घरात नको."

तेवढ्यात त्यांच्या बायकोने चहा आणून समोर ठेवला. तिला काहीच माहीत नव्हतं. ती हसून म्हणाली, "घ्या ना मॅडम, साखर बरोबर हाय का बघा." हमीदभाई भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कारण न पिता उठायचीही माझी हिंमत झाली नाही.